उधाणाला गप्प होणारे डबे

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला चौथीतही कळलं नव्हतं, आता पन्नाशी जवळ आल्यावर कळेल असं वाटत नाही. ओळी वर चढतात आणि मध्येच खाली घसरतात. जो कोणी हे वाचेल त्याने त्याबद्दल माफ करावं. खरं तर वाचणारं कोणी नाही, हे कागद माझ्या पेटीत साड्यांखाली जाणार आहेत. तरी माफी मागून ठेवते. पण ती फक्त अक्षराची. पुढे जे लिहिणार आहे त्यात माफी मागण्यासारखं मी काही केलेलं नाही.

मी कमी बोलते. चार माणसं समोर असली की माझा शब्द घशातच बसतो. लग्न होऊन फुलपाड्याला आले तेव्हा चाळीतल्या बायकांना बरेच दिवस वाटत होतं की ही मुकी सून आणलीय. शेवटी नवऱ्याने नळावर सगळ्यांदेखत सांगितलं, "बोलता येतं हो तिला. पण शब्दाला पैसे पडल्यासारखं करते." बायका हसल्या. मी हंडा उचलून घरात गेले.

न बोलणाऱ्या बाईला हाताचं काम बरं. वालीवला एका गाळ्यात पंख्याच्या रेग्युलेटरचे बोर्ड जोडायचं काम होतं, तिथे मी लागले. एका लांब टेबलाला आम्ही बायका बसायचो, प्रत्येकीच्या हातात सोल्डरिंगची काडी, समोर भिंग. शुक्रवारी औद्योगिक वसाहतीला सुट्टी. बाकीच्या दिवशी लोडशेडिंग असेल तेवढा वेळ हात मांडीवर ठेवून गप्पा, वीज आली की पुन्हा धूर. मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. माणूस तसा वाईट नव्हता, उचल मागितली तर द्यायचा. पण नुकसान झालं की ते दुसऱ्या कोणाचं तरी असलं पाहिजे, असा त्याचा नियम होता.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या एका कॉलेजातून एक मुलगी गाळ्यात आली. मुलगी म्हणजे पंचविशीची, पीएचडी करणारी. गाळ्यात सगळे तिला मॅडम म्हणायला लागले, मीही म्हणायचे. तिला बिस्किटाएवढे बोर्ड बनवून हवे होते. प्रत्येक बोर्डावर हवेतला दमटपणा आणि उष्मा मोजणारा एक भाग आणि एक रेडिओची चिप. बोर्ड प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून अर्नाळ्याला समुद्रावर टांगायचे होते, मासळी सुकवतात तिथे. डब्यांनी आपापसात बोलायचं. पहिल्याने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटच्याने कॉम्प्युटरला. आमच्या चाळीत पाणी आलं की आम्ही रांगेत उभ्या राहून हंडे एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देतो, तसं. ही सगळी मांडणी महिनोन् महिने तशीच ठेवून तिच्यावर प्रयोग करत राहायचे. त्या मांडून ठेवलेल्या जागेला ती टेस्टबेड म्हणायची.

रेडिओची चिप लावायचं काम माझ्याकडे आलं. त्या चिपला पाय नसतात. टेकायच्या जागा पोटाखाली असतात, दिसत नाहीत. सोल्डरची पेस्ट सुईच्या टोकाने लावायची, चिमट्याने चिप ठेवायची आणि वरून गरम हवेचा ब्लोअर धरायचा. पेस्ट वितळली की चिप अंग झटकल्यासारखी जराशी हलते आणि स्वतःहून जागेवर बसते. ते हलणं दिसलं की जोड बसला. नाही दिसलं तर नाही. मला ते बघायला आवडायचं. अजून आवडतं.

जोडलेल्या बोर्डात प्रोग्रॅम भरायचा आणि बोर्ड बोलतो का ते बघायचं, हे मॅडम सुरुवातीला एकेक तार हाताने धरून करायची. तारा सुटायच्या, ती वैतागायची. असा ठोकळा पाहिजे की बोर्ड ठेवला, दाबला की सगळ्या तारा एकदम टेकतील, असं तिने कागदावर काढून दाखवलं. शेठ म्हणाले, "बाहेरून करून घ्यायचा तर खर्च लागेल." दुसऱ्या दिवशी मी घरचा जुना पोळपाट पिशवीत घालून आणला. एका पायाने तो डगमगायचा म्हणून पडूनच होता. त्याला भोकं पाडून मॅडमने आणलेल्या स्प्रिंगच्या बारीक पिना आम्ही दोघींनी त्यात बसवल्या. कुठली पिन कुठे हे ती सांगायची, मी ठोकायचे. डगमगणाऱ्या पायाखाली रबराचा तुकडा चिकटवला. बोर्ड ठेवून दाबला आणि सगळं बरोबर असल्याचा हिरवा दिवा लागला तेव्हा मॅडम उडीच मारायची बाकी होती.

"ताई, आमच्या लॅबमध्ये लाखाची यंत्रं आहेत, पण पोळपाट नाही."

शेजारची बाई म्हणाली, "मग आता लाटणंपण मागवा."

एकेक बोर्ड पोळपाटावर हिरवा झाला, मगच डब्यात गेला. मॅडमने डबे अर्नाळ्याला नेऊन टांगले आणि फोन आला की सगळे बोलतायत. शेठनी टेबलावर सगळ्यांना वडापाव दिला.

आठवडा झाला आणि डबे गप्प झाले. सगळे नाही, मधले. मॅडमने जाऊन एक डबा काढून हातात घेतला, तर तो बोलायला लागला. पुन्हा टांगला तर गप्प. तिने गप्प झालेले डबे आमच्याकडे आणले. पोळपाटावर ठेवले तर एकूण एक हिरवे. पुन्हा नेऊन टांगले, काही दिवस बोलले, पुन्हा गप्प.

शेठ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "हातात घेतलं की चालतो, टांगला की मरतो. याला काय म्हणतात?"

उत्तर टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं. ढिल्या जोडाची लक्षणं अशीच असतात. वरून चकचकीत दिसतो, टेबलावर चालतो, जरा हलला की तुटतो.

"रेडिओची चिप कोणी लावली?"

"मी."

"सगळ्या पुन्हा तापव. आजपासून."

मी भिंगाखाली बघत होते. मला एकेक चिपचं हलणं आठवत होतं असं म्हणणार नाही, इतकं कोणाला आठवतं? पण हललेली दिसल्याशिवाय मी ब्लोअर बाजूला केला नव्हता, एवढं मला माहीत होतं. जोडलेला बोर्ड पुन्हा तापवला तर खालचं तांबं उचकटू शकतं. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की मी तापवायला घेतलं असतं तर आधीचं काम कच्चं होतं हे मीच कबूल केलं असतं.

"नाही," मी म्हटलं.

टेबलावरच्या काड्या थांबल्या. माझा आवाज इतका बारीक निघाला की शेठना वाटलं मी हो म्हणाले. ते वळले. मग मला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने. "नाही तापवणार, शेठ. माझं काम बरोबर आहे."

"चौथी पास," शेठ म्हणाले, "आणि मला शिकवते."

कॉलेजने उरलेले पैसे अडवून धरले होते, डबे चालेपर्यंत देणार नव्हते. ते शेठनी माझ्या पगारातून वसूल करायला सुरुवात केली. महिन्याला थोडे थोडे, न सांगता. पाकीट हलकं लागलं तेव्हा कळलं. त्यांनी दोन बोर्ड शेजारच्या बाईकडून तापवून बघितले. दोन्हींचं तांबं उचकटलं. ते दोन बोर्डही माझ्याच नावावर धरले.

घरी नवरा म्हणाला, "तापवून दे ना. तुझं काय जातंय?"

"माझं जातंय."

"काय जातंय? शेठ सांगतो, आपण करायचं. चुकलं तर त्याचं."

"चुकलं तर माझं. कापले ते माझेच ना?"

तो गप्प बसला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि मी बोलल्यामुळे तो गप्प बसलाय असं पहिल्यांदाच होत होतं. थोड्या वेळाने म्हणाला, "मग दुसरीकडे काम बघ." मी म्हटलं, सोडून गेले तर शेठ सगळ्यांना सांगतील की कच्चं काम पकडलं गेलं म्हणून पळाली. पैसे परत घेतल्याशिवाय मी तो गाळा सोडणार नाही.

मॅडम पुढच्या वेळी आली तेव्हा तिला पगारातलं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही, मला सांगता आलं नाही. एवढंच म्हटलं, "मला डबे बघायचेत. टांगलेले."

शुक्रवारी आम्ही दोघी विरारहून अर्नाळ्याच्या एसटीत बसलो. मी पोळपाट पिशवीत घेतला होता. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पार्टीला चाललात की पोळ्या लाटायला?" मॅडम हसली. मी खिडकीबाहेर बघितलं.

किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्या उभ्या होत्या. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायची मांडणी, आडव्या बांबूंच्या रांगांवर रांगा. त्या दिवशी त्या खालपासून वरपर्यंत भरल्या होत्या. ताजे बोंबील, तोंडात तोंड अडकवून जोडीने टांगलेले, अजून पाणी गळतंय. रांगेमागे रांग, भिंतच झाली होती. मॅडमचे डबे त्या भिंतीच्या मध्ये कुठेतरी होते. मासळी जिथे सुकते तिथलाच दमटपणा मोजायचा म्हणून तिने ते बांबूच्या मधल्या आडव्याला बांधले होते.

वलांडी ज्या म्हातारीची होती ती टोपली बाजूला ठेवून आली. तिच्याच ओटीवर मॅडमचा कॉम्प्युटर असायचा. मॅडमकडे बघून म्हणाली, "आली का गो बाय? मी म्हटलंच, आज येल."

"तुम्हाला कसं कळलं, आजी?"

"उधान हाय ना. उधानाला तुजी डबडी गप होतात नि तू धावत येते. दर वेलेला त्याच दिसान. भांगाला बघ, कशी ग्वाड बोलतात."

मॅडम माझ्याकडे बघायला लागली. मला उधाण माहीत होतं, भांग माहीत नव्हता. म्हातारीने सांगितलं. अमावास्या-पुनवेच्या आसपास पाण्याला जोर असतो, तेव्हा होड्या जातात, बोंबील जाळ्यात येतो, वलांड्या भरतात. मधल्या दिवसांत पाणी मंद, त्याला भांग म्हणायचं. तेव्हा मासळी कमी, वलांड्या रिकाम्या. मॅडमने डबे भांगाला लावले होते. कॅलेंडर बघून, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी.

"सगली मानसां उधानाला कामात," म्हातारी म्हणाली, "तुजी डबडी तेवढी आलशी."

मला हसू आलं नाही. मी बोंबलांच्या मध्ये हात घालून, मान घालून डबा शोधत होते. वासाची सवय नव्हती, डोळ्यांत पाणी आलं. डब्याला पारदर्शक झाकण होतं. डबा दर वेळी बोलतो तेव्हा आतल्या बोर्डावर एक लाल ठिपका लागतो, हे पोळपाटावर मी शेकडो वेळा बघितलेलं होतं. मी थांबले. ठिपका लागला. विझला. थोड्या वेळाने पुन्हा लागला.

"मॅडम," मी आतूनच ओरडले. ओरडले, म्हणजे माझ्या मानाने. "हा गप्प नाहीये. हा बोलतोय."

मॅडम चिखलात गुडघे टेकून माझ्या शेजारी घुसली. ठिपका बघितला. ओटीवर जाऊन कॉम्प्युटर बघून आली. तिथे या डब्याचा एक शब्द पोचत नव्हता. एक बोंबील तिने बोटांत धरून दाबला, पाणी निथळलं.

"हा मासा म्हणजे सगळं पाणीच," ती म्हणाली. "ताई, हा रेडिओ पाण्यातून जात नाही. पाणी त्याला गिळून टाकतं. मी पुस्तकात वाचलंय हे. आणि मी त्याला पाण्याच्या भिंतीत टांगून ठेवलाय." मग तिने स्वतःला एक इंग्रजी शिवी दिली.

म्हातारी म्हणाली, "काय झालं? बोंबलानं काय केलं?"

"बोंबलाने आवाज खाल्ला, आजी."

"खाईल. उपाशी जीव तो."

खात्री करायला मॅडमला वाटलं एका वलांडीवरचे बोंबील उतरवून बघावं. म्हातारीने कमरेवर हात ठेवले. "हात लावून तर बघ." मग आम्ही उलटं केलं. म्हातारीनेच एक लांब बांबू दिला. डबा बांबूच्या टोकाला बांधून मी तो वलांडीच्या वर, बोंबलांच्या वर धरला. ओटीवरून मॅडमचा आवाज आला, "आला! आला!" बांबू खाली मासळीत आणला. "गेला!" वर. "आला!" आजूबाजूच्या बायका वाळत घालायचं सोडून बघायला लागल्या. एक म्हणाली, "ही काय गुडी उभारतेय का?" इतक्या लोकांनी माझ्याकडे बघावं आणि मी हात खाली घेऊ नये, असं आधी कधी झालं नव्हतं. दंड भरून आले तरी मी बांबू सोडला नाही. मॅडमने पुरे म्हटलं तेव्हा खाली केला.

परतीच्या एसटीत मी मॅडमला पगाराचं सांगितलं. तिच्याकडे बघून नाही, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघून. ती लाल झाली. "मला आधी का नाही सांगितलंत?" मी पोळपाटाची पिशवी मांडीवर सरळ केली. उत्तर असं होतं की मला आधी डबे बघायचे होते.

तिने नंतर मोजणारा भाग खाली मासळीत ठेवला आणि रेडिओचा डबा वर काठीला, मध्ये वायर. डबे उधाणालाही बोलायला लागले. कॉलेजने अडवलेले पैसे शेठना दिले आणि दुसऱ्या जागेसाठी नवे बोर्डही सांगितले, पहिल्यापेक्षा जास्त. मॅडमने शेठना माझ्यासमोर सांगितलं की जोड एकही कच्चा नव्हता, चूक तिची होती, जागेची होती. शेठ म्हणाले, "हो का? चला, झालं ते बरं झालं."

पगाराचं पाकीट त्या महिन्यात पूर्ण आलं. पण आधी कापलेलं आलं नाही.

मी वाट बघितली. नवे बोर्ड आले, चिपा आल्या, पेस्टची डबी आली. सकाळी वीज होती. सगळ्या जणींच्या काड्या तापल्या. मी ब्लोअर सुरू केला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले, लोडशेडिंगला बसतात तशी.

शेठ आले. "काय गं, तब्येत बरी नाही?"

"बरी आहे."

"मग?"

"माझे कापलेले पैसे."

"बघू ना हिशेबात. आधी काम तर कर. मॅडम थांबलीय."

"थांबू दे."

शेजारची बाई माझ्या पायाला पाय लावून खुणावत होती, गप्प बस म्हणून. मी पाय काढून घेतला. शेठ हसले, मग हसायचे थांबले, मग केबिनमध्ये गेले. दुसरं कोणी ती चिप लावणार नव्हतं, उचकटलेले दोन बोर्ड त्यांच्या लक्षात होते. जेवायच्या सुट्टीनंतर थोडे पैसे घेऊन आले. म्हणाले, "एकदम नाही जमणार. महिन्याला देईन." कापले तसेच परत करणार होते, थोडे थोडे. मी म्हटलं, चालेल. आणि ब्लोअर सुरू केला.

दोन महिने दिले, मग विसरले. मी पगाराच्या दिवशी पाकीट घेऊन टेबलाशी उभी राहायचे, जायचे नाही. तोंडाने मागायला मला अजूनही जड जात होतं, पण उभं राहायला जात नव्हतं. त्यांना आठवायचं. मला चिवट म्हणायला लागले. "आली चिवट," असं मी दारात दिसले की म्हणायचे. बायकाही म्हणायला लागल्या. मला ते नाव आवडलं.

दिवाळीला त्यांनी सगळ्यांना मिठाईचं पुडकं दिलं आणि मला एकटीला वर एक साडी. चांगली होती, जांभळी, काठाची. म्हणाले, "मागचं सगळं यात मिटलं, काय?"

मी मिठाई घेतली. साडी घडी न मोडता त्यांच्या टेबलावर ठेवली. "साडी नको, शेठ. उरलेले पैसे द्या."

"अगं, उरलेत त्यापेक्षा महाग आहे ती."

"असेल."

माझ्या बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, वेडी आहेस, साडी घ्यायची होती. नसेल पटत तिला. शेठनी खुशीने दिलेली साडी मी नेसले असते. पण माझे पैसे म्हणजे त्यांची खुशी नव्हती. त्या दोन बोर्डांचेही मला हवे होते, जे मी तापवलेच नव्हते.

संक्रांत उलटून गेल्यावर एका पगाराच्या दिवशी शेठनी पाकीट दिलं आणि वर वेगळ्या नोटा ठेवल्या. त्या दोन बोर्डांच्या पैशांसकट. टेबलावर पोळपाट होता, त्यावर एका बोर्डाचा हिरवा दिवा लागलेला होता. बायका निघायच्या तयारीत होत्या, त्या थांबल्या.

"बघ, चिवट," शेठ म्हणाले. "झाले का सगळे?"

मी नोटा त्यांच्यासमोरच मोजल्या. आधी कधी अशा समोर मोजल्या नव्हत्या, लाज वाटायची.

"झाले," मी म्हटलं, शेवटच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.